निकोबारी कबूतर, पाचू कवडा आणि आपला हरियाल

मागच्या अंकाच्या मलपृष्ठावर निकोबारी कबुतराचे रंगीत छायाचित्र छापले होते. त्यावर गोंदिया-गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंत बरीच पत्रे आली. सारख्या मुद्द्यांची पत्रे एकत्र करून ही उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मोह वेचायला गेलेल्या बायांना पायवाटेवर हिरव्या पंखांचे, लाल चोचीचे पाखरू दिसले. मलपृष्ठावरचेच ते, असे सगळ्या म्हणतात. निकोबारी कबूतर आमच्या रानात येते का?
— वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

नाही. लाल चोच म्हटलीत तिथेच उलगडा झाला. तो पाचू कवडा. तुमच्याकडच्या दाट रानातला तो हक्काचा रहिवासी आहे. गफलत होणे साहजिक आहे, कारण दोन्ही पाखरे हिरवी झळकतात आणि दोन्ही झाडाखाली पडलेली फळे-बिया वेचत जमिनीवर चरतात.

पाचू कवडा होल्याएवढा, पंचवीस-सत्तावीस सेंटिमीटरचा. पंख पाचूसारखे हिरवे, डोके आणि छाती वांगी झाक असलेली गुलाबी-तपकिरी. नराच्या खांद्यावर पांढरा डाग असतो आणि टाळू राखी असते. उडाला की जमिनीपासून फार वर न जाता बुंध्यांमधून वळणे घेत सुसाट जातो आणि तेव्हा पाठीच्या खालच्या भागावर दोन फिकट पट्टे दिसतात. बहुधा एकटा, नाहीतर जोडीने.

निकोबारी कबूतर याच्या जवळजवळ दीडपट लांब, सुमारे ४० सेंटिमीटर, आणि वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास. डोके पाटीच्या रंगाचे. मानेवर कोंबड्यासारखी लांब, झुलती पिसे. अंगावर हिरवा-तांबूस धातूचा झळाळ, चोचीच्या बुडाशी काळसर गाठ आणि शेपटी आखूड, अगदी शुभ्र. आधी शेपटी पाहावी. ती पांढरी नसेल तर बाकीचे ताडून पाहायची गरज नाही. (कोवळ्या पक्ष्याची शेपटी काळी असते, पण ते पोर तुम्हाला अर्जुनी मोरगावात भेटणार नाही.)

ते इकडे का नाही, याचे उत्तर त्याच्या राहणीत आहे. निकोबारपासून पूर्वेकडे इंडोनेशिया, सॉलोमन बेटे आणि पलाऊपर्यंत ते पसरले आहे, पण सगळीकडे बेटांवरच. रात्री मुक्काम आणि घरटी लहान, ओसाड बेटांवर, जिथे अंडी-पिल्ले खाणारे जनावर नाही. दिवसा चराईला मोठ्या बेटावर. पहाटे आणि तिन्हीसांजेला थवे समुद्रावरून ये-जा करतात. त्या अंधुक उजेडात मागच्याला पुढच्याची पांढरी शेपटी दिसत राहते आणि थवा फुटत नाही, असा अभ्यासकांचा कयास आहे. बैलगाडीमागे टांगलेल्या कंदिलासारखेच हे. क्वचित एखादे भरकटते. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्ली भागात एक सापडले होते, पण तेही समुद्रकिनाऱ्यालगत. निकोबार तुमच्यापासून सुमारे दोन हजार किलोमीटर दूर आहे.

पाचू कवडा पुन्हा पाहायचा असेल तर उजाडल्यापासून पहिले दोन तास, नाल्याकाठची दाट सावली किंवा बांबूची रांजी बघा. फांद्यांवर शोधू नका. पायवाटेवर वीस-पंचवीस पावले पुढे नजर ठेवून हळू चाला. आवाज खोल, दबका, ओळीने सहा-सात वेळा येतो आणि नेहमी वाटते त्यापेक्षा लांबून आलेला असतो. गंमत म्हणजे हाच पाचू कवडा निकोबारच्या रानातही आहे.

प्रश्न : तालुक्याच्या बाजारात एक जण "निकोबारी जोडी आणून देतो, बाहेरदेशी पैदास आहे, कागद आहेत" असे म्हणतो. घ्यावी का?
— वाचक, जि. यवतमाळ

घेऊ नका, इसारही देऊ नका. निकोबारी कबूतर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. बाळगणे, विकणे, विकत घेणे तिन्ही गुन्हे. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. "बाहेरदेशी" या शब्दाला भुलू नका. विदेशी प्राणी-पक्ष्यांची नोंद करून बाळगायची जी सोय आहे, ती या पाखराला लागू नाही, कारण ते भारताच्या भूमीवरचे आहे आणि पहिल्या अनुसूचीत आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने घालणाऱ्या साइट्स करारातही ते सर्वांत कडक, म्हणजे पहिल्या परिशिष्टात आहे.

बाजारात प्रत्यक्ष हाती येईल ते बहुधा रंगवलेले घरगुती कबूतर असेल. ओळख सोपी आहे. निकोबारीचा झळाळ पिसांच्या बारीक रचनेतून येतो, म्हणून पक्षी उन्हात वळला की हिरव्याचे तांबूस, तांबसाचे निळसर होते. लावलेला रंग कोणत्याही बाजूने एकच दिसतो आणि ओल्या कापसाला लागतो. शिवाय मानेची लांब पिसे रंगाने आणता येत नाहीत.

यातला खरा धोका पैशांचा नाही. हे कबूतर एका विणीत एकच अंडे घालते. आपल्या घराच्या वळचणीचा पारवा दोन घालतो आणि वर्षातून अनेकदा घालतो. एका अंड्यावर चालणाऱ्या पाखराची धरलेली जोडी भरून निघायला फार काळ लागतो. हौस असेल तर लक्का, लोटण अशा पाळीव जाती आहेत. त्यांत आयुष्य जाईल.

प्रश्न : हे कबूतर पोटात दगड बाळगते असे छायाचित्राखाली लिहिले होते. मग त्याने खाल्लेले बी उगवते का? आमच्याकडे म्हणतात, हरियालाच्या (हिरव्या कबुतराच्या) विष्ठेतून वड उगवतो.
— शिक्षक, जि. चंद्रपूर

म्हण जुनी असली तरी अर्ध्याहून जास्त चुकीची आहे.

कबुतराला दात नाहीत. गिळलेले आधी गळ्यातल्या पिशवीत साठते, मग पाचकरसाच्या जठरात जाते आणि तिथून पेट्यात. कोंबडीच्या दुकानात कलेजीबरोबर मिळतो तोच पेटा. त्याच्या जाड स्नायूंच्या भिंती आणि आतले खडे मिळून जाते होते. घरच्या कबुतरांना एक ते तीन मिलिमीटरची कच लागते ती यासाठीच. कच न मिळालेल्या कबुतराच्या विष्ठेत अख्खे दाणे दिसू लागतात, हे पाळणाऱ्यांना ठाऊक आहे. निकोबारी कबुतराने हे जाते फार मजबूत केले आहे. पेट्यातल्या मोठ्या खड्यावर कठीण कवचाच्या बियाही ते भरडते. तो खडा दागिन्यात घालण्यासाठी काही ठिकाणी लोक या पाखराची शिकारही करत. सांगायचे ते हे की त्याच्या पोटात गेलेले बी सहसा पीठ होऊनच बाहेर येते.

त्याच रानात दुसऱ्या घराण्यातली कबुतरे आहेत, इंग्रजीत ज्यांना इम्पीरियल म्हणतात ती. पांढऱ्या अंगाचे, काळ्या पंखटोकांचे त्यांतलेच एक. यांचा पेटा पातळ, आणि खालच्या चोचीचे बूड ताणता येते. त्यामुळे जायफळाच्या जातीची थोराड फळे ती अख्खी गिळतात, वरचा गर जिरवतात आणि बी धड बाहेर टाकतात, तेही मूळ झाडापासून लांब. एकाच झाडाखाली एक कबूतर दळते आणि दुसरे पेरते. बेटांवरच्या झाडांना दोन्ही सोसावी लागतात.

आपला हरियाल दळणाऱ्यांत मोडतो. अख्खे आयुष्य वड-पिंपळावर काढतो, पण फळातले बारीक बी त्याच्या पेट्यात बरेचसे भरडले जाते. थोडे निसटत असेल, नाही असे नाही. पण मंदिराच्या शिखरावर किंवा विहिरीच्या कडेला उगवलेला वड-पिंपळ बहुतेक वेळा बुलबुल, मैना, कोकीळ, तांबट, धनेश किंवा वटवाघळाची करणी असते.

शाळेत हे करून पाहता येईल. वडाखाली विष्ठा गोळा करू नका, तिथे दहा पाखरांची सरमिसळ असते. हिवाळ्यात हरियालांचा थवा सकाळी उन्हाला एखाद्या निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसतो. त्या झाडाखाली आदल्या संध्याकाळी जुने धोतर किंवा पोते अंथरा. जमलेली विष्ठा आधी पाणी शिंपडून ओली करा, कारण कोरड्या विष्ठेची धूळ फुफ्फुसाला वाईट. नाकावर रुमाल बांधा. मग चहाच्या गाळणीत धुवा आणि भिंगाखाली अख्खे बी आणि फुटका भुसा वेगळा मोजा. अख्खे निघालेले बी विटेच्या ओल्या भुग्यावर टाका. दुसऱ्या थाळीत बुलबुलाच्या विष्ठेतले तेवढेच बी टाका. महिनाभराने दोन्ही थाळ्यांतली रोपे मोजून मुलांनीच निष्कर्ष काढावा.

प्रश्न : हरियाल जमिनीला पाय लावत नाही, हे खरे का?
— वाचक, जि. अमरावती

नाही. पाण्याला उतरतो, काही ठिकाणी खारट माती चाटायलाही उतरतो. मात्र फळातच पाणी असल्याने उतरण्याची वेळ कमी येते, आणि झाडावर तो पानात इतका मिसळतो की दोनशे पाखरांचा वड रिकामा वाटतो. म्हणून हा समज. पाय पिवळे, हीच त्याची खूण. आपल्या देशातल्या हिरव्या कबुतरांच्या इतर जातींचे पाय लाल असतात.

प्रश्न : बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठावर ग्रामपंचायतीची पडीक जागा आहे. राज्यपक्षी हरियाल यावा म्हणून कोणती झाडे, कशी लावावीत? मागच्या वर्षी वडाच्या तीस फांद्या लावल्या, चारच जगल्या.
— ग्रामपंचायत सदस्य, जि. भंडारा

सव्वीस फांद्या कशाने गेल्या हे तुम्ही कळवले नाही, पण या कामात चार चुका नेहमीच्या आहेत. फांदी बारीक असते, खड्डा उथळ असतो, वरचे तोंड उघडे राहते, आणि शेळ्या येतात.

फांदी मनगटाएवढी जाड आणि सात-आठ फूट लांब घ्या. अंगठ्याएवढी फांदी पालवी फोडून फसवते. आतल्या साठ्यावर पाने येतात, मूळ धरत नाही आणि जुलैच्या उघडिपीत ती वाळते. जूनच्या सुरुवातीला तोडा, पाने काढा, खालचे तोंड तिरपे छाटा आणि चीक सुकेपर्यंत एक-दोन दिवस सावलीत उभी ठेवा. वरच्या तोंडाला शेण-मातीचा लेप द्या. दोन फूट तरी गाडा. आजूबाजूची माती थोडी थोडी टाकत कुदळीच्या दांड्याने ठोसत जा. पोकळी राहिली की उधई शिरते. काळी माती असेल तर निम्मा मुरूम मिसळा, नाहीतर उन्हाळ्यात भेगा पडून मुळे उघडी होतात. फांदीभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण छातीएवढे उंच करा आणि दोन पावसाळे ते टिकवा. उंबरही असाच फांदीने लावता येतो.

पिंपळ फांदीने भरवशाचा नाही, बियाने करा. पिकून जांभळी झालेली फळे पाण्यात कुस्करा, तळाशी बसलेले बी घ्या. एक चमचा बियाला दहा चमचे बारीक वाळू मिसळून, विटेचा भुगा आणि कुजलेले खत भरलेल्या पसरट मातीच्या भांड्यात वरच्या वर पसरा. मातीने झाकू नका, या बियाला उजेड लागतो. वरून पाणी मारलेत तर बी वाहून एका कोपऱ्यात जाते आणि कोंब कुजतात. भांडे पाण्याच्या परातीत ठेवा म्हणजे ओल खालून चढेल. मुंग्या बी पळवतात, म्हणून परातीत पाणी कायम हवे. दोन ते चार आठवड्यांत उगवते. तीन-चार पाने झाली की पिशवीत घ्या आणि रोप कमरेएवढे झाल्यावर, म्हणजे साधारण दुसऱ्या पावसाळ्यात, दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात लावा.

सगळी जागा वडानेच भरू नका. दोन-तीन वड, दोन पिंपळ, दोन-तीन उंबर, एक-दोन पिपरी, मधल्या जागेत जांभूळ आणि बोर. वडापासून दुसरे मोठे झाड वीस-पंचवीस मीटरवर ठेवा. विहीर, पाट, शाळेची भिंत यांच्यापासून वड-पिंपळ किमान पंधरा मीटर लांब हवा. मिसळ लावण्याचे कारण असे की या कुळातली झाडे एका ठरावीक हंगामात मिळून फळत नाहीत, ज्याची त्याची पाळी वेगळी. जंगलात दुसरे काही नसते तेव्हाही एखादे फळलेले असते. वड-पिंपळाच्या फळात शिरून परागीभवन करणारी इवली गांधीलमाशी असते, आणि प्रत्येक जातीची माशी वेगळी. ती नाही तर बी नाही, आणि फळेही न पिकता गळतात. म्हणून शेजारच्या वावरात पऱ्हाटीवर फवारणी असेल तेव्हा वारा झाडांकडे वाहत नाही ना, हे पाहायला सांगा.

घाई करू नका. वडाला भरपूर फळ धरायला आठ-दहा वर्षे तरी जातात. तोवर गावातले जुने वड-पिंपळ राखणे हेच मोठे काम. हरियालाची वीण मुख्यतः मार्च ते जून. नेमक्या त्याच दिवसांत चारा संपतो आणि शेळ्यांसाठी पिंपळ-उंबराची छाटणी होते. काटक्यांचे घरटे इतके विरळ असते की खालून अंडी दिसावीत. फांदी हलली की दोन्ही पांढरी अंडी खाली. छाटणी करायचीच तर पावसाळ्यानंतर करा, किंवा एका वर्षी झाडाची एकच बाजू छाटा. ग्रामसभेत ठराव घेणार असाल तर तो याच मुद्द्यावर घ्या.

प्रश्न : वादळात हरियालाचे पिल्लू पडले. दूध पाजले तर हगवण लागून मेले. काय चुकले?
— वाचक, जि. गडचिरोली

दूधच चुकले. कबुतरे पिल्लांना दूध पाजतात हे खरे, पण ते गाई-म्हशीचे नव्हे. नर-मादी दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीच्या अस्तरातून दह्यासारखा चोथा सुटतो. त्यात प्रथिने आणि चरबी भरपूर, दुधातली साखर अजिबात नाही. ती साखर पचवण्याची सोय पाखराच्या आतड्यात नसते, म्हणून हगवण लागते आणि अंगातले पाणी जाऊन पिल्लू मरते. हरियाल, पारवा, निकोबारी कबूतर, सगळ्या कबुतरांत दुधाची ही पद्धत सारखीच.

पुढच्या वेळी असे करा. पिल्लू धडधाकट असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप टाकून देत नाहीत. घरटेच कोसळले असेल तर लहान टोपलीत गवत-काटक्या घालून ती त्याच झाडावर, सावलीच्या फांदीला घट्ट बांधा आणि लांबून दोन तास पाहा.

पिल्लू थंड पडलेले असेल तर आधी ऊब, मग बाकी सगळे. खोक्यात सुती फडके, शेजारी कोमट पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून. थंड पिल्लाच्या पोटात घातलेले अन्न पचत नाही, तिथेच आंबते. चोच उघडून पाणी ओतू नका. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते, पाणी सरळ फुफ्फुसात जाते. कबुतराचे पिल्लू चिमणीसारखे तोंड वासत नाही, आई-बापाच्या चोचीत आपली चोच खुपसते. त्यामुळे चमच्याने भरवण्याचा खटाटोप फसतो. वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा आणि माणूस येईपर्यंत पिल्लू अंधारात, उबेत, शांत ठेवा. घरी वाढवणे कायद्यातही बसत नाही.

प्रश्न : डोडो हा कबुतराचा पूर्वज होता का?
— इयत्ता नववी, जि. वाशीम

पूर्वज नाही, चुलत घराणे. मॉरिशस बेटावरचा डोडो १६६२ नंतर खात्रीने कुणाला दिसलेला नाही. २००२ मध्ये जपून ठेवलेल्या अवशेषातल्या डीएनएवरून असे कळले की त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावरचा, तोही नामशेष झालेला, सॉलिटेअर पक्षी. आज जिवंत असलेल्यांत जवळचा आहे तो निकोबारी कबूतर. त्याच्या प्रजातिगटात आज दुसरे कुणीच जिवंत नाही. त्याचा एक ठिपकेदार हिरवा भाऊ होता, त्याचा एकमेव नमुना इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या संग्रहालयात आहे. डोडोला उडता येत नव्हते, निकोबारी कबूतर अजून समुद्र ओलांडते. वहीत लिहिताना "डोडोपासून कबूतर झाले" असे लिहू नकोस, गुण जातील.

प्रश्न : निकोबारला जाऊन हे पाखरू पाहता येईल का? माझे नातेवाईक तिकडे वसलेले आहेत असे ऐकतो.
— निवृत्त सैनिक, जि. बुलढाणा

ग्रेट निकोबारवर १९६९ पासून माजी सैनिकांची कुटुंबे वसवली गेली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती. तेव्हा नातेवाईक असू शकतात. पण निकोबारचा बहुतेक भाग आदिवासी राखीव क्षेत्र आहे. नुसते पर्यटक म्हणून जाता येत नाही, जिल्हा प्रशासनाचा परवाना लागतो. आधी नातेवाइकांना पत्र लिहा आणि परवान्याची चौकशी त्यांच्यामार्फत करा. परवाना मिळालाच तर झाडांवर नव्हे, किनाऱ्यावर उभे राहून सूर्योदयापूर्वी समुद्राकडे पाहा, आणि थव्यातल्या पांढऱ्या शेपट्या मोजा.